प्रसूतिकक्षातला मूत्रपिंडतज्ज्ञ

गरोदरपणात रक्तदाब का वाढतो, या जुन्या कोड्याचा महत्त्वाचा धागा एका मूत्रपिंडतज्ज्ञाच्या हाती लागला. डॉ. अनंत करुमंची यांच्या संशोधनाने काय दिले आणि काय अजून द्यायचे राहिले आहे, याविषयी.

रक्तदाब वाढलेला, चेहऱ्यावर आणि पायांवर सूज, लघवीतून प्रथिने जाताहेत. ही तीन लक्षणे घेऊन एखादा पुरुष दवाखान्यात आला, तर डॉक्टर आधी त्याच्या मूत्रपिंडांची तपासणी करतील. हीच लक्षणे सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर स्त्रीला झाली, की तो आजार स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खात्यात जातो. त्याचे नाव प्रीएक्लॅम्प्सिया. साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर सुरू होणारा हा आजार शंभरातल्या दोन ते आठ गरोदर स्त्रियांना गाठतो. त्यातल्या काहींना पुढे आकडी येते. यकृत, मेंदू, फुप्फुसे आणि रक्त गोठण्याची क्रिया या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. जगभरातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे सातातला एक मृत्यू गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाशी निगडित असतो.

या आजारावर आजही खात्रीचा उपाय एकच आहे, प्रसूती. वार बाहेर पडली की काही दिवसांत आजार ओसरू लागतो. चौतीस-पस्तीस आठवडे भरले असतील तर निर्णय तुलनेने सोपा असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात मात्र डॉक्टरपुढे पेच उभा राहतो. थांबावे तर आईचा जीव धोक्यात, प्रसूती करावी तर किलोभर वजनाच्या बाळाला काचेच्या पेटीत आठवडे काढावे लागणार. ‘किती दिवस थांबता येईल?’ या प्रश्नाला नुसता रक्तदाब मोजून उत्तर मिळत नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे उत्तर थोडे जवळ आले. ते आणण्यात भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या एका मूत्रपिंडतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे.

मूत्रपिंडाशी जुने नाते

प्रीएक्लॅम्प्सियाचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध नवा नाही. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हर या डॉक्टरने आकडी आलेल्या गरोदर स्त्रियांची लघवी तापवून पाहिली आणि तिच्यात अल्ब्युमिन असल्याचे नोंदवले. याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी त्याआधी काही वर्षे, सूज आणि लघवीतले अल्ब्युमिन यांचा संबंध मूत्रपिंडाच्या विकाराशी जोडला होता. त्यामुळे गरोदरपणातली आकडीही मूत्रपिंडाच्याच आजारातून येत असावी, असा समज झाला. रक्तदाब मोजण्याचे उपकरण तेव्हा नव्हते. पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली. त्यानंतर या आजाराचे तिसरे लक्षण डॉक्टरांच्या नजरेस पडू लागले.

पुढे कारणांचे तर्क इतके झाले, की १९१६ मध्ये एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाने या आजाराला ‘सिद्धांतांचा आजार’ म्हटले. आहारातला दोष, जंतू, आतड्यातले विष, गर्भाची ॲलर्जी, सगळे सुचवून झाले होते. दोन गोष्टी मात्र प्रत्येक पिढीतल्या डॉक्टरांना दिसत होत्या. पहिली म्हणजे वार निघाली की आजार जातो. दुसरी म्हणजे आजार होण्यासाठी गर्भ असावाच लागतो असे नाही. द्राक्षगर्भात बाळाची वाढ नसते, फक्त वारेच्या पेशींची बेसुमार वाढ असते, तरी त्या स्त्रीला प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. म्हणजे दोषाचे मूळ वारेत होते. पण गर्भाशयातल्या वारेमुळे मूत्रपिंड, डोळे आणि मेंदू का बिघडावेत?

या प्रश्नाला मूत्रपिंडातूनच एक दुवा मिळाला. १९५९ मध्ये शिकागोच्या बेंजामिन स्पार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्यांना फुगलेल्या दिसल्या. इतक्या, की रक्ताला जायला वाट कमी पडत होती. १९८९ मध्ये जेम्स रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रीएक्लॅम्प्सिया हा मुळात संपूर्ण शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा आजार आहे, असे त्यांनी मांडले. वारेतून काहीतरी सुटते आणि ते या अस्तराला इजा करते, इथवर विचार येऊन ठेपला होता. ते ‘काहीतरी’ काय, हे कळत नव्हते.

कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून

अनंत करुमंची यांनी मद्रास विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकोनेस मेडिकल सेंटरमध्ये त्यांनी मूत्रपिंडविकारांचे प्रशिक्षण घेतले. तिथे ते डॉ. विकास सुखात्मे यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. सुखात्मे हेही मूत्रपिंडतज्ज्ञ, आणि आडनाव मराठी वाचकाच्या ओळखीचे. त्या प्रयोगशाळेचा एक मुख्य विषय होता नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात आणि त्यांना कसे रोखता येईल हा. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. तो पुरवठा तोडला तर गाठ उपाशी मरेल, ही कल्पना बॉस्टनच्याच ज्युडा फोकमन यांनी रुजवली होती. करुमंची यांचे २००१ मधले एक महत्त्वाचे संशोधन एंडोस्टॅटिन या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या प्रथिनावर होते.

एरवी या विषयाचा प्रसूतीशी संबंध कुणी लावला नसता. पण मूत्रपिंडतज्ज्ञाला प्रसूती विभागातून वारंवार बोलावणे येते. अमुक रुग्णाला लघवी कमी होते आहे, प्रथिने फार जाताहेत, क्रिॲटिनीन वाढले आहे, येऊन बघा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काम करणाऱ्या माणसाने असे रुग्ण पाहिले, की एक प्रश्न साहजिक पडतो. कर्करोगाच्या गाठीची रक्तवाहिनी रोखण्यासाठी जे शोधले जात आहे, तसेच काहीतरी वार स्वतःच तर तयार करत नसेल?

करुमंची आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञ शॅरन मेनार्ड यांनी निरोगी वार आणि प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांची वार यांतल्या हजारो जनुकांची तुलना केली. कोणते जनुक कुठे जास्त जोरात काम करते आहे, हे एकाच वेळी दाखवणारी जनुक-चिपची पद्धत तेव्हा नुकतीच हाताशी आली होती. आजारी वारेत एक जनुक ठळकपणे वर दिसले. ते ज्या प्रथिनाचे होते त्याचे नाव एसएफएलटी-१.

रस्त्यावर फिरणारी टपालपेटी

हे प्रथिन काय करते, ते समजायला एक साधे उदाहरण पुरे. आपल्या रक्तात व्हीईजीएफ नावाचे एक प्रथिन असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ते ‘नीट राहा, वाढा, दुरुस्त व्हा’ असा निरोप पोहोचवते. वारेतून येणारे पीएलजीएफ हे त्याचे भावंड. निरोप घ्यायला अस्तराच्या पेशींवर एफएलटी-१ नावाची टपालपेटी भिंतीत पक्की बसवलेली असते. एसएफएलटी-१ ही तीच पेटी, पण भिंतीतून सुटलेली. ती रक्तात मोकळी फिरते आणि वाटेतच पत्रे गिळते. पत्र घरी पोहोचतच नाही.

मूत्रपिंडाच्या गाळणीला हा निरोप सतत लागतो. तो थांबला की तिच्या अस्तराच्या पेशी फुगतात आणि प्रथिने लघवीत गळू लागतात. इतर ठिकाणच्या वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. १९५९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले होते, त्याचे कारण अशा रीतीने जुळत होते.

तर्क जुळला म्हणजे पुरावा मिळाला असे नाही. म्हणून या गटाने एसएफएलटी-१ चे जनुक एका विषाणूमार्फत गाभण उंदरांच्या शरीरात सोडले. उंदरांचा रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिने आली, आणि मूत्रपिंडाच्या तुकड्यात तीच फुगलेली अस्तरपेशी दिसली. गाभण नसलेल्या उंदरांतही रक्तदाब आणि प्रथिने वाढली. म्हणजे गर्भ नाही, वार नाही, फक्त हे एक प्रथिन पुरेसे होते. आजारी स्त्रियांच्या रक्तातही त्याची पातळी जास्त होती आणि प्रसूतीनंतर ती उतरत होती. मार्च २००३ मध्ये हे संशोधन ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच सुमाराला माणसांमधला एक पुरावा अगदी वेगळ्या वाटेने आला. व्हीईजीएफ अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध कर्करोगाच्या रुग्णांना दिले जात होते. त्यातल्या अनेकांचा रक्तदाब वाढला आणि काहींच्या लघवीत प्रथिने जाऊ लागली. हे रुग्ण गरोदर नव्हते, त्यांच्यात पुरुषही होते. वार जे करते असा संशय होता, तेच औषधाने करून दाखवले होते.

आणखी एक दुवा जनुकांचा. एफएलटी-१ चे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते. ज्या गर्भात तेराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, त्याच्या आईला प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका अधिक असल्याचे डॉक्टरांनी आधीच नोंदवले होते. २०१७ मध्ये गर्भांच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा या आजाराशी संबंध दाखवणारी खूण याच जनुकाच्या शेजारी सापडली. जुळे असले की वार मोठी आणि धोकाही जास्त, हेही या चित्रात बसते.

फ्रीजरमधले रक्त

कारण कळले, आता ते वेळेआधी ओळखता येईल का? त्यासाठी आजार होण्याच्या आधी घेतलेले रक्त हवे होते. असे रक्त एका अपेक्षित फळ न मिळालेल्या प्रयोगात साठवलेले होते. अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांवर कॅल्शियमच्या गोळ्यांची चाचणी झाली होती. निरोगी अमेरिकी स्त्रियांत कॅल्शियमने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही, असा तिचा निष्कर्ष १९९७ मध्ये आला. (आहारात कॅल्शियम कमी असलेल्या भागांत मात्र त्याचा उपयोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी ते द्यायला सांगते. आपल्याकडे गरोदरपणात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नयेत.) त्या चाचणीतले गोठवलेले रक्त रिचर्ड लिव्हाइन यांच्याकडे होते. लिव्हाइन आणि करुमंची यांनी आजार झालेल्या १२० आणि न झालेल्या १२० स्त्रियांचे नमुने ताडून पाहिले.

फेब्रुवारी २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेले निष्कर्ष स्पष्ट होते. लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढू लागते. पीएलजीएफ तर त्याहूनही आधीपासून कमी असते. २००६ मध्ये याच गटाने सोल्युबल एंडोग्लिन हा दुसरा साथीदार शोधला. दोन्ही मिळून आजार अधिक गंभीर होतो.

पुढे करुमंची लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात गेले. पण त्यांच्या कामाचा विषय तोच राहिला. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. या चाचण्यांच्या पेटंटवर संशोधक म्हणून त्यांचे नाव आहे आणि आपल्या शोधनिबंधांत ते तसे जाहीर करतात. म्हणूनच या चाचणीचा उपयोग इतर देशांतल्या, इतर गटांनी केलेल्या अभ्यासांतही टिकतो का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

चाचणी काय सांगते, काय नाही

एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर काढणारी रक्तचाचणी आता उपलब्ध आहे. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की आजाराचा संशय असलेल्या स्त्रीत हे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही असे ९९ टक्के खात्रीने सांगता येते. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ११ प्रसूती केंद्रांत हजारांहून अधिक स्त्रियांवर एकट्या पीएलजीएफच्या चाचणीचा प्रयोग झाला. डॉक्टरांना चाचणीचे उत्तर कळवले, तेव्हा निदानाला लागणारा मध्यक काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईला होणारी गंभीर गुंतागुंतही कमी झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये गुणोत्तराच्या चाचणीला परवानगी दिली. ती मात्र सरसकट सर्व गरोदर स्त्रियांसाठी नाही. २३ ते ३५ आठवड्यांदरम्यान रक्तदाब वाढून रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीला पुढच्या दोन आठवड्यांत गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया होण्याचा धोका किती, एवढेच ती सांगते.

मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असलेल्या स्त्रीत या चाचणीचे मोल आणखी वाढते. तिचा रक्तदाब गरोदरपणाआधीच जास्त असतो, लघवीत प्रथिने आधीच जात असतात. सव्वीसाव्या आठवड्यात दोन्ही वाढले तर कारण काय? जुना आजार बळावला असेल, तर औषधे बदलून गर्भाला आणखी काही आठवडे देता येतील. प्रीएक्लॅम्प्सिया असेल, तर प्रसूतीची तयारी करायला हवी. लक्षणे दोन्हींची सारखीच. इथे गुणोत्तर कमी आले, तर दोष वारेचा नसून मूत्रपिंडाचा असण्याची शक्यता वाढते. पूर्वी हा निर्णय अंदाजावर व्हायचा. त्या अंदाजात कधी बाळाचे आठवडे जायचे, तर कधी आईची प्रकृती बिघडायची.

चाचणीला मर्यादाही आहेत. नवव्या महिन्यात सुरू होणाऱ्या सौम्य आजारात गुणोत्तर फारसे बदललेले नसते. रक्तदाब १६०/११० असेल आणि गुणोत्तर चांगले आले, तरी उपचार थांबवायचे नसतात. आपल्याकडे ही चाचणी मोठ्या शहरांतल्या काही प्रयोगशाळांत होते. सरकारी रुग्णालयांच्या नेहमीच्या तपासणीत ती नाही.

गाळून काढता येईल का?

रक्तातले नको ते गाळून काढणे हा मूत्रपिंडतज्ज्ञाचा रोजचा उद्योग. डायलिसिसमध्ये दुसरे काय होते? मग एसएफएलटी-१ गाळून काढले तर? मूत्रपिंडतज्ज्ञ रवी थडानी, करुमंची आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी हा प्रयोग केला. २०११ मध्ये त्यांनी आठ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्या तिघींवर ही प्रक्रिया एकाहून अधिक वेळा केली, त्यांचे गरोदरपण आणखी १५, १९ आणि २३ दिवस टिकले. २०१६ मध्ये आणखी ११ स्त्रियांचे निष्कर्ष आले. एकापेक्षा जास्त वेळा उपचार मिळालेल्यांची प्रसूती सरासरी १५ दिवस लांबली. उपचार न मिळालेल्या तशाच स्त्रियांत हा काळ तीन दिवसांचा होता. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बाळासाठी पंधरा दिवस ही मोठी कमाई आहे. पण हे प्रयोग फार छोटे होते. असा उपचार सर्रास करावा, असे त्यांवरून म्हणता येत नाही.

दुसरी वाट आहे ती वारेत हे प्रथिन तयारच होऊ न देण्याची. २०१८ मध्ये आरएनएवर आधारित औषधाच्या एका मात्रेने बबून माकडिणींमधली एसएफएलटी-१ ची पातळी खाली आणता आली आणि आजाराची लक्षणेही कमी झाली. माणसांसाठीचे नेहमीचे औषध होण्याआधी अशा उपचाराला मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून जावे लागते. इथे औषध आईच्या पोटातल्या जीवाजवळून जाणार असल्याने ही वाट आणखी लांब असते.

मूळ प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही. वार इतके एसएफएलटी-१ का सोडते? गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते आणि ती हे प्रथिन सोडू लागते, असे एक मोठे कारण मानले जाते. पण काही जणींतच असे का होते, याचे उत्तर अजून अर्धवट आहे.

आज हाताशी काय आहे?

महागडी चाचणी नसली तरी आई वाचू शकते. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवीची तपासणी. १४०/९० किंवा जास्त रक्तदाब हा गरोदरपणात ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून सोडून द्यायचा आकडा नाही. लघवीत प्रथिने नसली तरी प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो, हेही आता मान्य झाले आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी मोफत होते. सातव्या महिन्यानंतर सासर-माहेर असा मुक्काम बदलताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेले नाही, तर आधीचा रक्तदाब किती होता हे नव्या डॉक्टरला कळत नाही. मग वाढ झाली की नाही, हेही ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट, ॲस्पिरिन. आधीच्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, जुना रक्तदाब किंवा ल्युपस असेल, जुळे असेल, तर कमी मात्रेचे ॲस्पिरिन बाराव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान सुरू करण्याचा विचार डॉक्टर करतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत, जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. ही गोळी मनाने घ्यायची नाही. पण नोंदणी उशिरा झाली, तर तिची वेळ निघून जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी महत्त्वाची.

तिसरी गोष्ट, मॅग्नेशियम सल्फेट. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत या स्वस्त औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला. औषध जुने आहे, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, बरगडीखाली पोटात दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, लघवी कमी होणे, दम लागणे, यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. आकडी प्रसूतीनंतरच्या दिवसांतही येऊ शकते, त्यामुळे बाळंतिणीची डोकेदुखी ‘जागरणाने झाली’ म्हणून टाळू नये.

मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा जुना आजार असलेल्या स्त्रीने मूल हवे असेल, तर गर्भ राहण्याआधी डॉक्टरांना सांगावे. एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटांतली औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येते. हा बदल डॉक्टरच करतील. आपण होऊन गोळ्या थांबवणे तितकेच धोक्याचे.

प्रसूतीनंतरचा हिशेब

वार निघाली की आजार संपला, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. मूत्रपिंडतज्ज्ञांनी या समजालाही धक्का दिला. नॉर्वेत १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद आहे. डायलिसिसवर गेलेल्या रुग्णांचीही तिथे वेगळी नोंद ठेवली जाते. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी ५ लाख ७० हजारांहून अधिक स्त्रियांच्या या दोन नोंदी जुळवून पाहिल्या. पहिल्या खेपेस प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांत पुढे मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचा धोका इतरांच्या ४.७ पट निघाला. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मुळात हा प्रकार विरळ आहे. त्या अभ्यासातल्या स्त्रियांत वर्षाला लाखात चारहून कमी जणींवर ही वेळ आली. पण रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोकाही या स्त्रियांत वाढलेला असतो, आणि तो विरळ नाही.

म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने पुन्हा तपासावीत. तीन महिन्यांनंतरही प्रथिने जातच असतील, तर मूत्रपिंडतज्ज्ञाला दाखवावे. कदाचित जुना आजार आधीपासूनच असेल आणि गरोदरपणाने तो उघडा पाडला असेल. पुढे दर वर्षी एकदा रक्तदाब मोजावा. आपल्याकडे बाळाच्या लसीकरणाच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात. त्या दिवशी आईच्या दंडालाही पट्टा बांधला, तर वेगळी फेरी पडणार नाही.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ हा शब्द लिहिलेला असेल, तर तो कागद जपून ठेवावा. वीस वर्षांनी रक्तदाबासाठी एखाद्या डॉक्टरकडे जाल, तेव्हा तो न विचारताही दाखवावा. त्या स्त्रीच्या मूत्रपिंडांविषयीची पहिली महत्त्वाची नोंद बहुधा त्याच कागदावर असते.